खंडेरावांच्या मापाच्या गाद्या

"आई, ती दानाची गादी आहे!" ज्ञानेश दारातूनच ओरडला.

"होती," कलाबाई म्हणाल्या आणि करवतीचं पातं फोममधून पुढे सरकवत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी खंडेरावांचं तेरावं होतं. शय्यादानासाठी ज्ञानेशने चांगली रुंद फोमची गादी आणली होती. वडील जन्मभर कापसाच्या गादीवर झोपले. पण माणूस गेल्यावर तरी त्याची सोय पाहावी, अशी आपल्याकडे पद्धत आहे.

खंडेराव ओझरच्या कारखान्यात फिटर होते. जन्मभर विमानं जोडली, बसले एकातही नाहीत. निवृत्त झाल्यावर त्यांनी जुनी मॅटॅडोर घेतली, मागची बाकं काढून फळ्यांचा पलंग ठोकला, बायकोला गाडी चालवायलाही शिकवलं. बेत एवढाच, की ज्या गावात आपला एकही नातेवाईक नाही तिथे मुक्कामाला जायचं. पंचवटीत घर असलेल्या कुणालाही हा बेत समजेल. गेल्या सिंहस्थात त्यांच्या जिन्यावरही पाहुणे झोपले होते.

गाद्या तेवढ्या राहिल्या होत्या, आणि खंडेरावांनी एकट्यानेच निघायची घाई केली. ज्ञानेशने गाडीला गिऱ्हाईकही पाहून ठेवलं. तेराव्याच्या संध्याकाळी ते येणार होतं.

कलाबाईंनी फळ्यांवर वर्तमानपत्र पसरून माप काढलं होतं. चाकाचा उंचवटा येतो तिथला कोपरा गोल कापला. तीन गाद्या, वरून सोफ्याचं जाड कापड. मशीन अडलं तिथे दाभण चालवलं.

सकाळी गुरुजी आले. ज्ञानेशने खालमानेनं प्रकार सांगितला.

"काकू, शय्या दिली की त्यांना पोचते," गुरुजी समजुतीनं म्हणाले.

"तुम्ही झोपता ना तिच्यावर?"

"म्हणजे... वापरतो."

"तुम्ही झोपलात की त्यांना पोचतं. मी चाळीस वर्षं त्यांच्या शेजारी झोपले. मी झोपले तर नाय पोचणार?"

गुरुजींनी पोथी चाळली. पोथीत हे नव्हतं.

"निदान उशी तरी?"

कलाबाईंनी उरलेल्या तुकड्यांची शिवलेली उशी पुढे केली. गुरुजींनी ती अंगठ्यानं दाबून पाहिली आणि संकल्प सोडला.

संध्याकाळी गिऱ्हाईकाला घेऊन ज्ञानेशने गाडीचं दार उघडलं, तर आत कलाबाई आडव्या झालेल्या.

"आई, बाहेर ये. लोक बघताहेत."

"बघू देत. पडदे शिवायचे राहिलेत. आणि त्यांना सांग, गाडी विकायची नाय. सोमवारी मी निघणार."

"कुठे?"

"जिथं आपलं कुणी नाय तिथं."

गिऱ्हाईक शहाणं होतं. चहा पिऊन गेलं.

दार लावायला ज्ञानेश परत आला. पलंग वडिलांच्या उंचीचा होता. आईचे पाय दुसऱ्या गादीवरच संपले होते. पायथ्याची तिसरी गादी तशीच फुगलेली होती. तिलाही तिने चारी कडांनी दुहेरी शिलाई मारली होती.