नवमीचा मुक्काम

नीरजाने गाडीची डिकी आपटली. ती लागली नाही, म्हणून पुन्हा आपटली, आणि त्या आवाजाने तळमजल्यावरच्या आनंदीताई गॅलरीत आल्या. हातात तुळशीला घालायच्या पाण्याचा तांब्या होता. कोथरूडच्या त्या सोसायटीत कोण कुठे निघालंय हे आनंदीताईंना कळल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जात नसे, आणि आज नेमकं तेच टळावं म्हणून नीरजा सकाळपासून घाई करत होती.

"सकाळी सकाळी कुणीकडे?"

"नाशिकला. परवा येतो."

"परवा?" आनंदीताईंनी तांब्या कठड्यावर ठेवला. "अहो, पण उद्या तर..."

नीरजाने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. शाळेत गणित शिकवताना मागच्या बाकांवरचा गलका ती याच नजरेने बंद करत असे. आनंदीताईंचं वाक्य तिथेच राहिलं. यज्ञेश्वर गाडीचा आरसा पुसत होते, त्यांनी मान वर केली.

"उद्या काय, आनंदीताई?"

"उद्या... उद्या पाणी येणार नाही म्हणे दिवसभर. सुटलात तुम्ही," असं म्हणून आनंदीताई तांब्या घेऊन आत गेल्या. तुळस तशीच कोरडी राहिली.

उद्या अविधवा नवमी होती. पितृपंधरवड्यातली ही तिथी नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांची. त्या दिवशी त्यांच्या नावाने सवाष्ण जेवू घालायची, तिची ओटी भरायची. यज्ञेश्वरांची पहिली बायको उल्का आजारपणात गेली, आणि काही वर्षांनी त्यांनी नीरजाशी लग्न केलं. तेव्हापासून दर भाद्रपदात नीरजा पहाटे उठून उल्काच्या नवमीचा स्वयंपाक करत आली होती. मोठ्या नणंदबाई, हेमाताई, स्वयंपाकघरात स्टूल ओढून बसायच्या आणि सांगत राहायच्या. उल्का वड्यांच्या पिठात मिरी भरड कुटून घालायची. उल्का खिरीचे तांदूळ तुपावर परतून घ्यायची. सवाष्ण म्हणून आनंदीताई पाटावर बसायच्या, नीरजा वाढायची, आणि पहिला घास पोटात गेला की सगळे एका सुरात म्हणायचे, अगदी उल्काच्या हातची चव! दिवसभर आपण राबायचं आणि चव मात्र दुसरीच्या हातची, हे गोड मानून घ्यायला मोठं काळीज लागतं. नीरजाकडे तेवढं मोठं नव्हतं, आणि आहे असं दाखवायचाही तिला आता कंटाळा आला होता.

सवत जिवंत असती तर चार शब्द भांडता तरी आलं असतं. गेलेल्या बाईशी कोण भांडणार? तिची भाकरी कधी करपत नाही, तिचं डोकं कधी दुखत नाही, आणि तिच्याविरुद्ध ब्र काढला तर आपणच कोत्या मनाच्या ठरतो. नीरजाने पहिल्या वर्षीच हे ओळखलं आणि तोंड मिटून घेतलं.

लग्नाच्या वेळी ती पन्नाशीला टेकली होती. तिचं ते पहिलंच लग्न. या वयात कसला मधुचंद्र, असं तिला कुणी म्हटलंसुद्धा नाही, कारण तो विषय कुणाच्या डोक्यातच आला नाही. सह्या झाल्या, पेढे वाटले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिने उल्काच्या डब्यातली हळद घालून घरच्या पाहुण्यांसाठी पोहे केले.

यंदा तिच्या वाढदिवसाला यज्ञेश्वरांनी विचारलं होतं, "तुला काय हवंय?" खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांना असे प्रश्न सुचू लागले होते. ती साडी म्हणेल अशी त्यांची अटकळ असावी.

"नाशिकचे ते वाइनचे मळे आहेत ना, तिथे दोन दिवस. दोघंच."

ते आधी गडबडले, मग कानापर्यंत लाजले, आणि मग मोबाइल घेऊन बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "बघ, या तारखांना खोली मिळतेय." नीरजाने स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर ती तारीख शोधली. तिच्याखाली बारीक अक्षरात तिथी छापलेली होती. यज्ञेश्वर तारखा बघत. तिथ्या बघायचं काम घरातल्या बायकांचं होतं, तेव्हाही आणि आताही. नीरजाने ती बारीक अक्षरं नीट वाचली, आणि म्हणाली, "चालेल की." पापपुण्याचा विचार तिच्या मनात आला नाही असं नाही. आला, जरा वेळ थांबला, आणि तिने त्याला बसायला सांगितलं नाही म्हणून निघून गेला.

मळ्यात पोचले तेव्हा दुपार कलली होती. टेकडीच्या उतारावर लांबच लांब वेलींच्या ओळी होत्या, मधे तांबडी माती, आणि खाली कुठल्याशा धरणाचं पाणी चमकत होतं. सगळं होतं, फक्त द्राक्षं नव्हती.

"द्राक्षं कुठायत?" यज्ञेश्वरांनी व्यवस्थापकांना विचारलं, जसं काही त्यांनीच ती लपवून ठेवली होती.

जयसिंगराव म्हणून भरघोस मिशांचे गृहस्थ होते ते. "द्राक्षं माघ-फाल्गुनात, साहेब. आता छाटणीचे दिवस येतील. तसं पितृपक्षात इकडे कुणी फिरकत नाही. तुम्ही आलात, बरं वाटलं."

नीरजाने चटकन यज्ञेश्वरांकडे पाहिलं. पण यज्ञेश्वर म्हणाले, "म्हणजे गर्दी नाही. उत्तम!" आणि बॅगा उचलून खोलीकडे चालू लागले.

संध्याकाळी जयसिंगरावांनी त्यांच्यापुढे चार पेले मांडले. पेला आधी फिरवायचा, मग वास घ्यायचा, मग घोट. यज्ञेश्वरांनी तिन्ही गोष्टी कारखान्यातल्या तपासणीच्या गांभीर्याने केल्या.

"लहानपणी खोकल्यावर आजीने द्राक्षासव पाजलं होतं," ते म्हणाले. "त्यानंतर आजच."

"खोकला बरा झाला होता का?" नीरजाने विचारलं.

"झोप छान लागली होती."

नीरजाला पहिला घोट मुळीच आवडला नाही. तुरट, जिभेला ओढून धरणारा. दुसरा तिने हट्टाने घेतला. तिसऱ्याला तिला वाटलं, हे बरं लागतंय, आणि बरं लागतंय म्हणून कुणाची परवानगी काढायला नको, हे त्याहून बरं. मग दोघं वेलींच्या ओळीतून पार खालच्या कुंपणापर्यंत चालत गेले. यज्ञेश्वरांनी तिचा हात धरला तो परत येईपर्यंत सोडला नाही. जयसिंगरावांच्या मिशांवरून ती काहीतरी बोलली आणि स्वतःच इतकी हसली की तिला थांबावं लागलं.

"तू हसताना अशी दिसतेस, मला माहीतच नव्हतं," यज्ञेश्वर म्हणाले.

"चार वर्षं झाली की लग्नाला."

"घरात तू हसतेस कुठे?"

यावर सांगण्यासारखं खूप होतं. पण त्या संध्याकाळी तिला ते सांगायचं नव्हतं. ती सुखात होती, आणि ते सुख तिने चोरून आणलेलं होतं, म्हणून तिला त्याची जास्तच किंमत होती.

सकाळी ते खोलीपुढच्या व्हरांड्यात नाश्त्याला बसले आणि यज्ञेश्वरांचा फोन वाजला. हेमाताईंचा आवाज मूळचाच खणखणीत. फोन कानाला असूनही नीरजाला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"यज्ञू, मी तुमच्या दारात उभी आहे. कुलूप आहे. आनंदी म्हणते, तुम्ही नाशकात. आज काय आहे, आठवतंय का?"

"आज... मंगळवार ना?"

"नवमी. उल्काची."

यज्ञेश्वरांचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी नीरजाकडे पाहिलं. ती उपम्यावर लिंबू पिळत राहिली. तिच्या त्या पिळण्यावरूनच त्यांना कळायला हवं होतं, आणि कळलंही असावं, कारण ते घाईघाईने बोलू लागले.

"ताई, माझंच चुकलं. लक्षातच नाही राहिलं बघ. नीरजाच्याही नाही राहिलं, प्रवासाची तयारी, गडबड..."

ते तिला पाठीशी घालत होते. दुसरी कुणी असती तर तिने देवाचे आभार मानले असते. पण विसरलेल्या बाईला माफी मिळते, आणि पुढच्या भाद्रपदात ती पुन्हा पहाटे उठून मिरी कुटायला लागते. नीरजाला माफी नको होती. तिने हात पुढे केला.

"द्या इकडे."

"अगं, राहू दे..."

"द्या." तिने फोन घेतला. "हेमाताई, हे विसरले. मी नाही विसरले. तिथी बघूनच मी हो म्हटलं होतं."

पलीकडे आनंदीताईंनी "अगं बाई!" म्हटलेलं ऐकू आलं.

"मुद्दाम?" हेमाताईंनी विचारलं.

"मुद्दाम. दरवर्षी मी करते, आणि ते उल्काचं होतं. निदान एक वर्ष न केलेलं तरी माझं असू दे."

बोलून झालं. तिने फोन दोन्ही हातांनी धरला. हेमाताईंचं तोंड म्हणजे पेठेतलं जुनं नाणं. आता काय वाजेल ते वाजो, असं म्हणून ती वाट पाहत राहिली. पण आधी ऐकू आलं ते "आनंदी, तुझ्याकडची किल्ली आण गं," आणि मग दाराची ओळखीची करकर.

"सवाष्ण इथेच आहे. स्वयंपाक मी करते," हेमाताई म्हणाल्या. "वड्यांचं पीठ कुठे ठेवतेस?"

"ओट्याखाली. डाव्या हाताला."

डबे सरकल्याचा आवाज आला. "मिळालं." मग डब्याचं झाकण उघडलं. हेमाताईंनी विचारलं,

"द्राक्षं बघितलीस का?"

"नाहीयेत आत्ता. इथे म्हणतात, माघात या."

"तेच. उल्का म्हणायची, माघात जाऊ."

"कुठे?"

"तू आहेस तिथे, नाहीतर कुठे? पेपरात फोटो आला होता मळ्याचा. तेव्हापासून यज्ञूच्या मागे लागली होती. दरवर्षी विषय निघायचा. मग राहून गेलं." हेमाताईंनी घसा साफ केला. "ठेवते. पीठ भिजवायचंय."

नीरजाने फोन टेबलावर ठेवला. यज्ञेश्वर आत जाऊन बॅग भरत होते. त्यांनी टॉवेलची घडी घातली, ती विस्कटली, पुन्हा घातली.

"आत्ता निघालो तर जेवणाच्या सुमाराला पोचू. ताई थांबेल तोवर."

"उल्काला इथे यायचं होतं?"

घडी घालणारे हात थांबले. "म्हणायची कधीकधी."

"मग?"

"मी म्हणायचो, वर्षभर खडकीला दारूगोळ्यातच असतो, आता रजा काढूनही दारूच बघायची का?" ते खाली बघून बोलत होते. "हसायची ती."

"हसणारच. दुसरं काय करणार होती?"

यज्ञेश्वर पलंगावर बसले. नीरजा दारातच उभी राहिली. इतकी वर्षं तिची खात्री होती की उल्काने सगळं घेतलं, डबे, नवरा, खिरीची कीर्ती, आणि आपल्यासाठी उरलंसुरलं ठेवलं. आता तिला त्याच ओट्याशी उभी असलेली एक बाई दिसत होती. आपण एका वाढदिवसाला मागितलं आणि मिळालं, ते तिने दरवर्षी मागितलं, आणि दरवर्षी ते हसण्यावारी गेलं. नीरजाला उल्काची कीव आली नाही. तिला राग आला, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो उल्काच्या बाजूने आला. तो समोर टॉवेल घेऊन बसलेल्या माणसावर होता, आणि त्या माणसावर तिचं प्रेम होतं, म्हणून तो सोसायला जड होता.

तिने त्यांच्या हातातून टॉवेल घेतला आणि पलंगावर टाकला.

"उठा."

"हो, निघू या."

"पुण्याला नाही. मळ्यात जा. काल गेलो होतो तसं, पार खालच्या कुंपणापर्यंत. तिला घेऊन जा."

यज्ञेश्वर तिच्याकडे बघत राहिले. "आणि तू?"

"मी इथे बसते. माझा नाश्ता व्हायचाय."

"नीरजा, मला समजत नाहीये..."

"समजेल चालता चालता. तिला काय सांगायचं असेल ते सांगा. मला येऊन सांगू नका."

ते उठले. दारापर्यंत गेले आणि वळले. "मग निघायचं कधी? उद्या सकाळी?"

"उद्या नाही," नीरजा म्हणाली. "आजचा दिवस तिला गेला. माझा राहिलाच की अजून."

यज्ञेश्वरांनी चपला पायात सरकवल्या आणि पायऱ्या उतरून ते उन्हात गेले. नीरजाने खुर्ची ओढून गार झालेला उपमा पुढे घेतला. पहिल्या ओळीपाशी ते जरा वेळ नुसते उभे राहिले. मग वाट चांगली रुंद असूनही ते मधून चालले नाहीत. एका बाजूला अंग चोरून, शेजारी एका माणसापुरती जागा ठेवून ते सावकाश उतार उतरू लागले.