अंजनाबाईच्या मांडीचं हाड

मित्रांनो, नाक मुरडू नका. मी एक जुनं हाड आहे. पण कुत्र्याने पळवलेलं नव्हे, की शाळेच्या कपाटात टांगलेलंही नव्हे. मी अजून माझ्या जागी आहे, वेसाव्याच्या कोळीवाड्यातल्या अंजनाबाईच्या उजव्या मांडीत. फक्त खुब्यापाशी मोडलेलं.

तुम्हाला वाटतं, हाड म्हणजे दगड. माझी पातळ चकती सूक्ष्मदर्शकाखाली धरून तर बघा. कांद्याच्या चकतीसारखी वर्तुळात वर्तुळं दिसतील. मधोमध एक नळी, तिच्यातून रक्त येतं. अशा कितीतरी नळ्या, आपापली वर्तुळं अंगाभोवती लपेटून, एकमेकींना खेटून उभ्या असतात. प्रत्येक थरात बारीक धागे आणि त्यांच्या फटींत घट्ट बसलेले चुन्यासारखे क्षार. नुसते धागे असते तर मी ओल्या दोरीप्रमाणे वाकले असते. नुसते क्षार असते तर मडक्याप्रमाणे फुटले असते. शिवाय एका थरातले धागे एका बाजूला तिरके, तर पुढच्या थरातले उलट्या बाजूला. दोर वळताना कोळी पेडांचा पीळ एकीकडे आणि दोराचा पीळ दुसरीकडे ठेवतात, अगदी तसंच.

थरांच्या मधे जिऱ्याच्या घाटाच्या, पण नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या इवल्या इवल्या खोल्या आहेत. एकेका खोलीत एकेक जिवंत पेशी. खोलीतून खोलीत जायला केसाहून बारीक बोळ. त्या बोळांतून अन्न जातं आणि बातमी जाते. बातमी एकच: भार आला. ती आली की बांधणाऱ्या पेशी पदर खोचून कामाला लागतात. जुनं पोखरणाऱ्या पेशी वेगळ्या. दोघींचा मेळ बसला की हाड ताजं राहतं.

आणि खुब्याजवळ मी आतून जाळीदार आहे. आमच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घालायला बांबूंच्या वलांड्या उभारतात ना, तशा बारीक काड्या. ज्या रेषेतून भार खाली उतरतो, बरोबर त्याच रेषेत उभ्या.

भार काही थोडा नव्हता हं. अंजनाबाई लग्न होऊन आली तेव्हापासून डोक्यावर माशांची पाटी घेऊन वेसाव्याहून अंधेरीच्या बाजारात जायची. भरलेली पाटी एकटीने डोक्यावर चढत नाही आणि उतरतही नाही. म्हणून शेजारची सगुणा रोज दारातून हाक मारायची, "अंजने, पाटीला हात लाव गो." मग ही तिच्या पाटीला हात लावायची, ती हिच्या. पाटी डोक्यावर बसली की मला बातमी पोचायची. काय ऐट होती माझी तेव्हा!

मग तिचा मुलगा चंदर अंधेरीच्या एका कारखान्यात कारकून झाला. पहिल्या पगारात त्याने आईसाठी लोखंडी खुर्ची आणली आणि ओटीवर मांडली.

"आये, पाटी आता बंद. मी पेन घेऊन बसणार आणि तू उन्हातान्हात फिरणार, बरं दिसतं का?"

"मना बसवून ठेवशील तं मी गंजून जाईन रे."

"राणीसारखी बस. आयुष्यभर वाहिलंस ना."

अख्खा कोळीवाडा म्हणाला, नशीब काढलंन अंजनाबाईने. मुलाचं मन मोडवेना, म्हणून ती बसली. सगुणा सुरुवातीला हाक मारायची. पुढे तीही मुकाट्याने जायची, दुसऱ्या कुणाचा तरी हात घ्यायची.

मित्रांनो, त्या खुर्चीवर माझ्याकडे बातमीच येईना. बांधणाऱ्या पेशी हात बांधून बसल्या. पोखरणाऱ्या मात्र थांबल्या नाहीत. वय हेही कारण होतंच, मी नाकारत नाही. एकेक वलांडी बारीक होत गेली, काही निखळल्या. बाहेरून कुणाला काय दिसणार?

एके दुपारी सगुणा बाजारातून परतली. माल खपला नव्हता, पाटी जड होती आणि गल्लीत दुसरं कुणी नव्हतं. "अंजने, हात लाव गो, मान मोडली." कित्येक वर्षांनी ती हाक! अंजनाबाई लगबगीने उठली, वळली आणि मी मोडले. तिचा हात पाटीपर्यंत पोचलाच नाही. इतकी वर्षं भरली पाटी पेलली, आणि त्या दिवशी तिच्या डोक्यावर काहीच नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, हाड विरळ झालंय, खिळा धरणार नाही. दवाखान्यात पायाला वजन टांगलं. भार मिळाला, पण उलटा. दाबणारा नव्हे, ओढणारा. घरी आली ती आखूड पायाने, कुबडी घेऊन.

चंदरची मुलगी कमळ नववीत. विज्ञान शिकवणाऱ्या मीराबाईंनी शाळेत हाडाची चकती सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली, तशी ती धावतच घरी आली. "आजी, हाडात खोल्या असतात! पण काळ्या दिसल्या. बाई म्हणाल्या, हे मेलेलं हाड, म्हणून रिकाम्या. जिवंत हाडात कुणीतरी राहतं. आणि भार पडला नाही ना, तर हाड झिजतं."

चंदर जेवत होता. त्याचा घास हातातच राहिला. "म्हणजे मी खुर्ची आणली म्हणून..."

"वयानं मोडलं," अंजनाबाई म्हणाली. "जेव गप. कालवण निवतंय."

तो जेवला नाही. ओटीवर जाऊन त्या खुर्चीकडे बघत उभा राहिला.

दुसऱ्या सकाळी त्याने स्वतःच सगुणामावशीला दारात थांबवलं. एका बाजूने तो, दुसऱ्या बाजूने कमळ, दोघांनी अंजनाबाईला उभी केली. सगुणा खाली ठेवलेल्या भरल्या पाटीपाशी वाकली, पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "लाव गो हात. उशीर केलास लय."

अंजनाबाईने पाटीच्या काठाखाली हात घातला. पाटी उचलली खरं तर चंदरने. पण थोडासा, अगदी मूठभर भार तिच्या हातातून, कमरेतून माझ्यापर्यंत उतरला. कुठल्याशा खोलीत कुणीतरी जागं झालं असावं.

मी सांधले नाही, सांधणारही नाही. सगुणा वळणापर्यंत गेली, तोवर अंजनाबाई बघत उभी होती. मग म्हणाली, "बसव आता मना."

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणी म्हातारं माणूस असेल. त्यांच्या डोक्यावरचं ओझं प्रेमाने जरूर उतरवा. पण उतरवण्याआधी त्यांना एकदा विचारा, सगळं उतरवू का? आणि ते जे सांगतील, ते ऐका.