घासून गेलेलं नाव

मित्रांनो, मी एक म्हातारी करवत आहे आणि माझं वय कोणालाच माहीत नाही. हे मी कौतुकाने सांगत नाही. मला त्याचा राग आहे.

माझा जन्म विलायतेतला. पोलादी पात्याला लाकडी मूठ बसवली आणि मुठीवर एक पितळी बटण. बटणावर मधोमध मुकुट होता, भोवती कारखान्याचं नाव. आगबोटीतून मी मुंबईला उतरले आणि तिथून वसईच्या पाचूबंदरला, होड्या बांधणाऱ्या एका सुताराच्या हाती आले. त्याच्यानंतर त्याचा मुलगा, मग नातू रामनाथ. सागाच्या फळ्या कापून कापून माझे दात झिजले, पातं दोन बोटं अरुंद झालं. त्याचं मला काही वाटत नाही. कामात झिजायचं असतंच.

दुखतं ते वेगळं. दरवर्षी खंडेनवमीला हत्यारांची पूजा व्हायची. आदल्या दिवशी रामनाथची बायको हंसा चिंच आणि राख घेऊन बसायची आणि माझं बटण घासायची. रामनाथ बाजूला उभा राहून म्हणायचा, "अजून चमकव. आज्याची करवत हाय." ती पुन्हा घासायची. मग हळदकुंकू, झेंडूचं फूल, नमस्कार. अशी पन्नास वर्षं गेली. इतक्या भक्तीने कोणी कोणाचं नाव पुसलं नसेल.

फायबरच्या होड्या आल्या आणि रामनाथचं काम बसलं. मीही माळ्यावर गेले. आपला आजा होड्या बांधायचा, हे कुठेतरी लिहिलं जावं, एवढंच आता त्या म्हाताऱ्याला हवं होतं. गेल्या वर्षी जवळच्या पापडी गावात जुन्या हत्यारांचं प्रदर्शन ठरलं, तेव्हा त्याची नात कृतिका ते भरवणाऱ्या हर्षवर्धनना घरी घेऊन आली. त्यांची बँकेत नोकरी, वसईत फ्लॅट आणि जुन्या हत्यारांचा नाद. रामनाथने मला खोबरेल लावून ठेवलं होतं.

हर्षवर्धननी भिंगातून बराच वेळ पाहिलं. "मुठीच्या घाटावरून शंभरेक वर्षांची वाटते. पण काका, कारखाना बटणावरची अक्षरं मधूनमधून बदलायचा. साल त्याच्यावरूनच लागतं. इथे तर एकही अक्षर नाहीये."

"मधी मुकुट होता," रामनाथ म्हणाला. "लहानपनी मी बोट फिरवायचो त्याच्यावरून."

"असेल ना. पण नुसत्या आठवणीवर प्रदर्शनातलं माहितीचं कार्ड कसं लिहिणार?"

"मीच घासलं," हंसा दारातून म्हणाली. "दरसाल."

रामनाथने मान खाली घातली. 'अजून चमकव' कोण म्हणायचं, ते दोघांनाही ठाऊक होतं.

तरी प्रदर्शनाच्या दिवशी त्याने मला टॉवेलात गुंडाळून बरोबर नेलं. ऐन वेळी कोणाचा विचार बदलला तर, असं त्याला वाटत असावं. तिथे काचेखाली दुसरीच करवत होती. हर्षवर्धननी ती मुंबईच्या जुन्या बाजारातून आणलेली. बटणावर मुकुट लख्ख, अक्षर न् अक्षर शाबूत. दात असे कोरे, की तिने होडीची एक फळीसुद्धा कापली नसणार. कृतिकाने कार्ड मोठ्याने वाचलं, "पाचूबंदरच्या होडीसुतारांची करवत. साल सुमारे १९२०."

"आजोबा, त्यांना सांगू का?" तिने विचारलं.

"काय सांगशील? तिच्यावर लिवलंय," रामनाथ म्हणाला आणि टॉवेल घट्ट करून बाहेर पडला.

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू घासायला घेण्याआधी ती एकदा वाचा. वाचता येत नसेल तर घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा आणि ते सांगतील ते त्यांच्यादेखत लिहून ठेवा. मायेने हात फिरवला म्हणजे वस्तू जपली, असं होत नाही.

यंदाच्या खंडेनवमीला हंसाने मला लांबूनच हळद वाहिली. बटणाला तिने हात लावला नाही. ते आता काळं पडत चाललं आहे. ती फार काळजी घेते त्याची, पण आता त्यावर जपण्यासारखं काही नाही.