दाहिने मूड

“अहो, आमच्या कस्तुराच्या लग्नाला शाळेचा बँड कसा वाजला हुता, ते आठवा जरा!” पोपटराव माइकवर म्हणाले आणि शाळेच्या निरोपसमारंभाच्या मंडपात टाळ्या पडल्या. “पुण्याची पाव्हणी तोंडात बोट घालून बघत राह्यली. अशी सेवा केली आमच्या बँडमास्तरनं!”

गळ्यातला हार सांभाळत खुर्चीवर बसलेल्या शंकररावांनी मान खाली घातली. लोकांना वाटलं, म्हातारा संकोचला.

त्यांच्या बायकोला, अनसाबाईला, तसं वाटलं नाही. बायकांच्या बाजूला बसलेल्या अनसाबाईने नवऱ्याकडे पाहिलं आणि मग शाळेच्या फाटकाकडे. दौंडची एस.टी. येऊन गेली होती. शंकररावांच्या जुन्या बँडमधला भिमा आला नव्हता.

शंकरराव ओव्हाळ तरुणपणी पलटणीच्या बँडमध्ये बिगुल वाजवत. दुसरं महायुद्ध संपलं, पलटणीतून मोकळे झाले आणि शिरूरच्या या शाळेत शिपाई म्हणून लागले. घंटा देता देता त्यांनी मुलांचा बँड उभा केला. सुरुवातीला ड्रम एकच होता. बाकीची पोरं तेलाच्या रिकाम्या डब्यांवर हात बसवत. पोरगं कितीही हट्टाला पेटलं तरी पाय जुळू लागल्याशिवाय त्याच्या हातात ड्रमची काठी येत नसे. ज्याला डावा-उजवा उमगत नसे त्याच्या डाव्या पायाला ते कांद्याची पात बांधत आणि सांगत, “पात आधी, मग मोकळा. पात, मोकळा, पात, मोकळा!” पोरं हसत हसत चालायला शिकत. एखादा चुकतच राहिला तरी ते ओरडत नसत. त्याच्या शेजारी जाऊन त्याच्या पावलाबरोबर आपलं पाऊल टाकत, आणि पाय जुळला की त्याच्या नकळत बाजूला होत.

बँडचा एक नियम होता, तो त्यांच्या वडलांचा. म्हाळूआबा जवळच्या न्हावरा गावात हलगी वाजवत. लग्न असो, मयत असो, बोलावणं आलं की जायचं. पुढं वाजवायचं, मागं बसायचं आणि उरलंसुरलं खायचं. धम्म घेतला त्या वर्षी आबांनी हलगीला दगड बांधला आणि ती घोडनदीच्या डोहात सोडून दिली. ओल्या धोतरानंच घरी येऊन मुलाला म्हणाले, “तू निशाणापुढं वाजीव. मान्साच्या दारात वाजवू नगंस.” तेव्हापासून शाळेचा बँड झेंड्यापुढं वाजे; माणसापुढं, मग तो कितीही मोठा असो, वाजत नसे.

तो नियम एकदाच मोडला. बांगलादेशची लढाई झाली त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात पोपटरावांच्या मळ्यात लेकीचं लग्न निघालं. पोपटराव शाळेच्या कमिटीचे चेअरमन. हेडमास्तर स्वतः शंकररावांच्या खोलीवर आले.

“मास्तर, नव्या वर्गांचं काम त्यांच्या हातात आहे. पोरांनाही हौस आहे. एवढी एक वेळ मान ठेवा.”

शंकररावांनी मान ठेवला. पांढरे कपडे, निळ्या टोप्या घालून पोरं नवरदेवाच्या घोडीपुढं चालली. ऊन डोक्यावर होतं, पण पाऊल कुणाचं चुकलं नाही. बिगुलवर मच्छिंद्र होता, पोपटरावांचा भाचा. रांगेच्या शेवटी बिगड्रम गळ्यात अडकवून भिमा, शंकररावांच्या वस्तीतला. मागून भिमाचा ठोका पडे, आणि त्या ठोक्यावर अख्खा बँड चाले.

अक्षता पडल्या. पंगती बसू लागल्या. पोरं बँडच्या रांगेतच उभी होती, घामेजलेली, भुकेजलेली, गळ्यातले ड्रम गळ्यातच. पोपटरावांचे धाकटे भाऊ मारुतराव लगबगीनं आले.

“आपली आपली पोरं हिकडं घ्या रं. वस्तीतली आन् मास्तर तिकडं गोठ्यापाशी बसतील. त्यास्नी मागनं वाढू.”

रांग हलली नाही.

“अरं मच्छिंद्रा, ये की! मामाचं ऐकू येत न्हाई व्हय?”

मच्छिंद्र मामाकडे बघत नव्हता. तो मास्तरांकडे बघत होता. सगळीच बघत होती. रांगेतून हलायचं तर मास्तरांच्या शब्दावर, हे त्यांना मास्तरांनीच शिकवलं होतं.

शंकररावांनी मांडवाकडे पाहिलं. चेअरमनचं घर, भरला मांडव, शाळेचे वर्ग. आपल्याच तोंडून हुकूम गेला म्हणजे कुणी कुणाला हाकलल्यासारखं दिसणार नाही, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं. त्यांनी छाती काढली आणि परेडच्या आवाजात हुकूम दिला.

“सावधान! विसर्जन!”

पोरांनी शिकवल्याप्रमाणे सलामी दिली, आणि रांग दोन बाजूंना फुटली.

गोठ्यापाशी पत्रावळी आल्या तेव्हा भात गार झाला होता. शंकररावांनी मान वर न करता खाल्लं. भिमानं पत्रावळीला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी भिमाची आई बयाबाई डोक्यावर बिगड्रम घेऊन दारात उभी राहिली.

“ढोल घ्या, मास्तर. पोरगं न्हाई म्हनतंय.”

“का गं? काय झालं त्याला?”

“तुमास्नी ठाव न्हाई व्हय?” ती म्हणाली, आणि ड्रम ओट्यावर ठेवून निघून गेली.

भिमाचं घर हाकेच्या अंतरावर. शंकरराव गेले नाहीत. आज जाऊ, उद्या जाऊ असं करता करता भिमा शाळा सोडून गेला, रेल्वेत लागला, दौंडला राहू लागला. शाळेचे नवे वर्ग झाले. बँडला नवा बिगड्रमवाला मिळाला.

निवृत्तीचा दिवस ठरला तेव्हा कुठं ते दौंडच्या गाडीत बसले. यार्डाजवळच्या टपरीवर भिमा भेटला. निळा डगला, मिशी फुटलेली, हात तेलानं काळे.

“हात असलं हायती, मास्तर, पाया पडत न्हाई,” तो म्हणाला आणि दोन चहा सांगितले.

“निरोप देत्यात मला. येशील का रं?”

“बघू. ड्यूटी बदलून मिळाली तर.”

मागं इंजिन डबे ढकलत होतं. ते थांबेपर्यंत शंकरराव ग्लास हातात धरून बसले. मग म्हणाले, “भिमा, त्या दिवशी… पोरं उपाशी ऱ्हाऊ नयेत म्हनून मी…”

“मी कुठं जेवलो?” भिमा हसला. “मास्तर, एक सांगू? राग न्हाई माजा. आमी निस्ती वाट बघत हुतो. तुमी ‘दाहिने मूड’ म्हनला असता तर समदी रस्त्याकडं वळली असती. मच्छिंद्रबी वळला असता. तुमच्या शब्दाबिगर कवा हललो हुतो का आमी?”

“उपाशी घरी गेला असता.”

“गेलो असतो की,” भिमा म्हणाला. “वाजवत गेलो असतो.”

त्यानं चहावाल्याला पैसे दिले आणि रूळ ओलांडून गेला.

“मास्तर, दोन शब्द बोला,” मंडपात कुणीतरी खांद्याला हात लावला.

शंकरराव माइकपुढं उभे राहिले. दौंडहून परतताना गाडीत त्यांनी मनात सगळं जुळवलं होतं. कस्तुराच्या लग्नातलं काय सांगायचं, कुणाचं नाव घ्यायचं, भिमा समोर बसलेला असताना कुठून सुरुवात करायची. त्यांनी फाटकाकडे पाहिलं. समोर पहिल्या खुर्चीवर पोपटराव प्रसन्न चेहऱ्यानं बसले होते.

“पोरांनी… मी सांगितलं तसंच केलं,” ते म्हणाले. “कायम. पोरांची चूक न्हवती.”

ते खाली बसले. नम्रपणा म्हणून पुन्हा टाळ्या पडल्या.

बाहेर पोपटरावांची जीप झेंडूच्या माळा घालून उभी होती. तिच्या पुढं बँडची पोरं रांगेत. मच्छिंद्र आता याच शाळेत ड्रिलमास्तर झाला होता. बँड त्याच्या हाती जाणार होता.

“चढा, मास्तर,” पोपटराव म्हणाले. “वाजतगाजत घरी पोचवतो तुमास्नी.”

“बँड मान्सापुढं वाजत न्हाई, आप्पा.”

“हे बरं हाय! आन् माज्या कस्तुराच्या लग्नात वाजला त्यो?”

लोक हसले.

“तवा वाजला,” शंकरराव म्हणाले. “म्हनूनच.”

पोपटराव अजून हसतच होते. मच्छिंद्रचं हसू तेवढं थांबलं. त्यानं मास्तरांकडे पाहिलं आणि नजर पायाशी नेली.

शंकररावांनी गळ्यातला हार काढून जीपच्या सीटवर ठेवला आणि ते रांगेसमोर आले. पोरांच्या माना ताठ झाल्या. त्यात वस्तीतली पोरं होती, मळ्यातली होती, पोपटरावांचा नातू होता. सगळ्यांचे डोळे मास्तरांच्या तोंडावर.

“सावधान!”

“दाहिने मूड!”

सगळ्या टाचा एका आवाजात वाजल्या. पायाशी धुळीचा एक लहानसा ढग उठला आणि बसला. सगळी वळली होती. पोपटरावांचा नातूसुद्धा. मागं एकही राहिलं नव्हतं.

पुढचा हुकूम शंकररावांच्या तोंडातून येईना.

“सर, ‘आगे बढ’ म्हणा,” मच्छिंद्र हळूच म्हणाला. “पोरं थांबल्यात.”

शंकरराव रांगेच्या शेवटी बघत होते. तिथं, भिमाच्या जागी, बिगड्रमखाली जवळजवळ झाकून गेलेलं एक नवं पोरगं काठी उचलून उभं होतं. त्याच्या डाव्या पायाला कांद्याची हिरवी पात बांधलेली होती, आणि तो पाय पुढं पडायच्या तयारीत, टाच उचलून, तसाच थांबला होता.