घर क्रमांक तीन

बेल्डन क्रीक गावाचा सांडपाण्याचा तलाव अठ्ठेचाळीस वर्षांचा झाला होता आणि राज्य सरकारने त्याला यंदा नापास केलं होतं. दुरुस्तीसाठी कर्ज काढायचं आणि ते फेडायला सांडपाणीपट्टी वाढवायची, इथपर्यंत गावाचं एकमत होतं. कोणाची वाढवायची हा प्रश्न आला की प्रत्येकाला शेजाऱ्याचं घर दिसायचं.

नगर कार्यालयातल्या कारकून आर्डिसने दोन पर्याय तयार केले होते. पहिला, प्रत्येक घराला महिन्याला सरसकट पंचेचाळीस डॉलर. दुसरा, वापराप्रमाणे, हजार गॅलनला बारा डॉलर. वापर मात्र डिसेंबर ते फेब्रुवारीचा मोजायचा आणि वर्षभर तोच धरायचा. उन्हाळ्यातलं पाणी हिरवळीवर जातं, हिवाळ्यातलं सगळं गटारात.

दुसरा पर्याय खरं तर लव्हर्न सेदरच्या बोलण्यातून निघाला होता. चर्चच्या तळघरात कॉफीचे कप विसळताना ती आर्डिसला म्हणाली होती, "पाच पोरांच्या घराएवढी पट्टी मी एकटीने का भरायची गं? मला दोन हजार गॅलन म्हणजे डोक्यावरून पाणी." नवरा ऑरिन मार्चमध्ये गेला, महिन्याची पेन्शन अकराशे चाळीस. आर्डिसने त्याच आठवड्यात हिशोब मांडला. एकट्या बायकांना चोवीसच डॉलर येत होते.

जूनमधली सभा संध्याकाळी सहाला अग्निशमन केंद्रात भरली. बंब बाहेर काढून खुर्च्या मांडल्या होत्या. लव्हर्नने लिंबाच्या वड्यांचा ट्रे आणला आणि पहिल्या रांगेत बसली. आर्डिसने कागद वाटले. नमुन्यादाखल तीन घरं, नावं नाहीत. कोणाला मुद्दाम निवडलं असं म्हणायला नको म्हणून तिने ती संगणकाकडूनच निवडून घेतली होती. घर क्रमांक एक: माणसं पाच, सहा हजार गॅलन. दोन: माणूस एक, दोन हजार. तीन: माणूस एक, सात हजार, महिना चौऱ्याऐंशी डॉलर.

"एक माणूस आणि सात हजार?" पशुखाद्याच्या दुकानाचा मालक, नगरसेवक रोली म्हणाला. "हा माणूस आहे की मासा?"

"रोज आंघोळ करत असेल," महापौर ड्वेन म्हणाला. "तुला नवल वाटणारच."

सगळे हसले. लव्हर्नही हसली. मग तिने चष्मा लावून कागद जवळ धरला. हसू काही वेळ तसंच चेहऱ्यावर राहून गेलं.

आर्डिसने स्वतःच्या प्रतीवरचा मीटर क्रमांक आत्ता पाहिला. चारशे सतरा. मार्चमध्ये, दफन झालं त्याच आठवड्यात, कचरापट्टी कमी व्हावी म्हणून तिनेच नोंदवहीत या घरापुढचा माणसांचा आकडा 'दोन' खोडून 'एक' केला होता. पाणी मात्र त्याआधीचं, दोघांचं होतं.

"ते माझं घर आहे," लव्हर्न उभी राहून म्हणाली.

तिने चष्मा काढला.

"शेवटचे तीन महिने ऑरिनला काही कळायचं नाही. म्हणजे पोटाचं. रात्रीतून चार-चार वेळा चादरी बदलायच्या. त्याला फार लाज वाटायची. मी म्हणायचे, अरे, मशीन धुतंय, मी कुठे धुतेय."

रोलीने टोपी काढली. "सेदरबाई, मला माहीत नव्हतं हो."

"तुला कसं माहीत असणार? तो कोणाला कळू देत नव्हता. म्हणून तर मी दोरीवर काही वाळत घातलं नाही." तिने कागदाची घडी घातली. "आता चाळीस प्रती निघाल्यात."

"आपण सरसकटच ठरवू," ड्वेन घाईने म्हणाला. "पंचेचाळीस. विषय संपला."

"खाली बस, ड्वेन. मला सोडलं तर बाकीच्या एकट्या बारा जणींना चोवीसच येतात ना? मग दुसराच करा."

दुसराच झाला. पाच विरुद्ध शून्य.

दुसऱ्या दिवशी सकाळी आर्डिस लव्हर्नच्या घरी गेली. हातात ट्रे होता. वड्यांना कोणी हात लावला नव्हता. सोबत एक अर्ज होता. हिवाळ्याचा आकडा बदलायला नियमात एकच कारण चालायचं: नळगळती.

"फक्त सही कर. शिक्का मी मारते. चोवीस होतील."

लव्हर्नने अर्ज नीट वाचला. "आमच्या घरात काही गळत नव्हतं, आर्डिस."

"माहीत आहे गं. नुसता कागद आहे."

"कालचाही कागदच होता." तिने अर्ज परत दिला. "गाडी विकते. ऑरिनच चालवायचा ती. वर्षभर पुरतील पैसे."

"माझ्यामुळे झालं."

"हो," लव्हर्न म्हणाली. तिने वड्या डब्यात काढल्या, अर्ध्या आर्डिसला बांधून दिल्या आणि ट्रे घासायला घेतला. चमचाभर पाणी घ्यायची, नळ बंद करायची, घासायची, पुन्हा चमचाभर.

जूनचं पाणी मोजणीत धरत नाहीत. तो नियम आर्डिसनेच लिहिला होता. पण ते सांगायला तिचं तोंड उघडेना. ट्रे धुऊन होईपर्यंत ती तिथेच उभी राहिली.