धुळीच्या कणाची रात्र

धूळवालीचा प्रबंध सरांच्या टेबलावर होता आणि सरांच्या हातात पेन होतं. सही झाली की ती डॉक्टर. प्रयोगशाळेत तिला सगळे धूळवालीच म्हणत, कारण पृथ्वीभोवती फिरणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या धुळीच्या कणांचे मार्ग ती संगणकावर काढायची. आईचं म्हणणं, ही पंख्यावरची धूळ पुसत नाही आणि आभाळातलीच्या मागे लागते.

हा कण म्हणजे भलता लहरी प्राणी. उन्हात त्याच्यावर धन विद्युतभार चढतो, पृथ्वीच्या सावलीत शिरला की तोच भार ऋण होतो, आणि भार फिरला की पृथ्वीचं चुंबकत्व त्याला उलट्या बाजूला ढकलतं. घरी एक आणि सासुरवाडीत एक, असे जावई असतातच की. धूळवालीच्या गणितातला कण मात्र अगदी गुणी. वर्षानुवर्षं फिरत राही, खाली म्हणून येत नसे.

आज सकाळी शेवटची आकृती काढताना भाराची रेघ कुठेच खाली उतरेना, तेव्हा तिला या गुणांचं रहस्य कळलं. सरांनी तरुणपणी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये पृथ्वीला सावलीच नव्हती. तेव्हाचे संगणक रडतखडत चालायचे, म्हणून सरांनी सावली वगळली, नंतर घालू म्हणाले आणि विसरले. त्याच प्रोग्रॅमवर कितीतरी जण डॉक्टर होऊन गेले. एकाही शहाण्याने विचारलं नाही, की बाबा, इथे रात्र कधी होते? तिनेही नाही. मग तिने सावली घालून पाहिली, तर कण काही आठवड्यांतच वातावरणात येऊन गचकला. प्रबंधातलं सगळ्यात मोठं प्रकरण त्याच्याबरोबर गेलं.

गप्प बसावं असं तिला अगदी मनापासून वाटत होतं. पेन कागदाला टेकणार तोच तिने सगळं सांगून टाकलं.

सर पेन उचलून मागे रेलले. मग म्हणाले, "सही झाल्यावर सांगायचंस."

"मग तुमच्यासारखी मीही नंतर बघू म्हणत म्हातारी झाले असते."

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. सरांनी पेनाला टोपण लावलं आणि प्रबंध तिच्याकडे सरकवला. तिला रडू आलं, आणि लाजबीज न बाळगता ती चक्क त्यांच्यासमोर रडली. सरांनी तिची समजूत वगैरे घातली नाही. खुर्ची ओढून ते संगणकासमोर बसले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "दाखव, रात्र कुठे सुरू होते ते."