खाचेतली रिंग

तळहातावरची ती काळी रबरी रिंग... बांगडीएवढी, पण बांगडीसारखी गोल राहायचं नाव नाही, बोट लागलं की पिळवटते... डोरीन तिच्याकडे इतका वेळ बघत राहिली की ही मेली आपल्यालाच दात दाखवतेय असं तिला वाटायला लागलं. मंगळवारपासून ही पाचवी. आज शुक्रवार. वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी एखाद्या बाईने गाडीखाली उताणं पडून कोपरापर्यंत तेलात माखायचं म्हणजे काय... आणि वर बोलणी खायची.

"तिरकी... बसवलीस," वॉल्टर खुर्चीतून म्हणाला.

"चारही वेळा तिरकी? अरे, मला काय हौस आहे का?"

"परत... काढ."

परत काढ. सांगायला काय जातं! ऑइल फिल्टरचा तो डबा, खालून एकच लांब बोल्ट, आणि डब्याची कड इंजिनाच्या ज्या खाचेत बसते त्या खाचेत ही रिंग. एवढंच तर आहे. पण इंजिन सुरू करून दहा मिनिटं तापलं, की डब्याच्या काठावर एक थेंब फुगतो, लोंबतो आणि खालच्या पुठ्ठ्यावर टपकतो. कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याचा पुठ्ठा. त्यावर तिने पेन्सिलने वार लिहिले होते, आणि प्रत्येक वाराखाली तेलाचा डाग, बुधवारचा तर बशीएवढा. इंजिनाला अक्कल नाही हे ठीक, पण नवऱ्याला तरी असावी की नाही! गुडघ्यांवर घोंगडी, डाव्या हातात काठी, चूक दिसली की फरशीवर टक् टक्.

नोव्हेंबरात झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. तेव्हापासून हा माणूस दिवसाला चार वाक्यं बोलत नाही. अंडं खा म्हटलं तर मान हलवतो, मुलीचा फोन आला तर भिंतीकडे बघतो... फक्त या गाडीचं काही निघालं की डोळे जागे होतात. रविवारी क्लबच्या जुन्या गाड्या ग्रासिंग्टनच्या टेकडीवर जायच्यात. मी चालवणार, तो शेजारी बसणार. पण तेल गळणारी गाडी घेऊन तो चारचौघांत जाणार नाही. काल रात्रीच्या जेवणावर त्याने सांगून टाकलं, "उद्या कोरडी नाही झाली... तर ट्रेव्हरला फोन कर. गाडी... घेऊन जा म्हणावं." क्लबातला ट्रेव्हर ही गाडी विकत घ्यायला नऊ वर्षं टपलेलाच आहे. गाडी गेली की खुर्ची उरेल, आणि खुर्चीतून वॉल्टर कधी निघून गेला ते मला कळणारही नाही.

म्हणून परत. बोल्ट ढिला, डबा खाली, बाहीत गरम तेल. कर्म माझं.

खाच वर, अंधारात. आतापर्यंत तिने बोटानेच चाचपली होती. आज वैतागून पर्समधला पावडरचा आरसा काढला, टॉर्च दातांत धरली आणि आरसा खाचेखाली नेला. खाच स्वच्छ. काळी, गुळगुळीत... पण ही इतकी उथळ कशी? तिने केसांतली पिन काढून तळाला टोचली. लोखंडात पिन रुतत नाही. ही रुतली.

तळ नव्हताच तो. रिंग होती. जुनी, चपटी, वाळून ठिसूळ झालेली. तिचे तीन तुकडे होऊन बाहेर आले.

दोन रिंगा! अहाहा. क्लबात कुणी नवीन माणूस आला की वॉल्टर बिअरचा ग्लास टेबलावर ठेवून हाच किस्सा सांगायचा. कोण एक गाढव, जुनी रिंग खाचेत तशीच ठेवून वर नवी बसवतो आणि वर्षभर दुकानदाराला शिव्या घालतो. लोक पोट धरून हसायचे. लोका सांगे ब्रह्मज्ञान! या मंगळवारपर्यंत या इंजिनाला एकतीस वर्षांत त्याच्याशिवाय कुणाचा हात लागलेला नाही, म्हणून तर कुणाला शंकाही आली नाही. थांब, आता बाहेर येते आणि हे तीन तुकडे तुझ्या मांडीवर ठेवते, आणि मग वाजव काठी किती वाजवायची ती—

ती सरकत सरकत बाहेर येत होती, आणि अर्ध्यावरच थांबली.

शेवटची रिंग त्याने सप्टेंबरात बदलली होती. झटक्याच्या दोन महिने आधी. तेव्हाही थेंब पडला होता, आणि "आता वसंतात बघू" म्हणून त्याने गाडीवर चादर टाकली होती. वॉल्टरने? थेंब पडत असताना? त्याच आठवड्यात त्याने चहात मीठ घातलं होतं. शर्टाची बटणं एक घर चुकवून लावून तो चर्चला निघाला होता... आणि दारात त्याला अडवून मी हसले होते. मोठ्यांदा. शेजारणीला हाक मारून दाखवलं होतं. म्हणजे नोव्हेंबरात नाही, तेव्हाच सुरू झालं होतं...

"काय... होतं गं?"

तुकडे एप्रनच्या खिशात गेले होते. कधी घातले, तिलाच कळलं नाही.

"तिरकी बसली होती," ती म्हणाली.

"सांगत... होतो."

"हो रे बाबा, सांगत होतास. ऐकलं नाही मी."

नवी रिंग खाचेत खोलवर बसली. इंजिन सुरू झालं. दहा मिनिटं, पंधरा, वीस. 'शुक्रवार' लिहिलेल्या जागी पुठ्ठा कोरडाच. तोंडाची एक बाजू वर ओढून वॉल्टर हसत होता. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा. त्याला वाकून पुठ्ठा बघायचा होता म्हणून तिने तो उचलून त्याच्या डोळ्यांसमोर धरला.

"ट्रेव्हरला... सांग. येतोय आम्ही." मग दम घेऊन, एकेक शब्द उचलत, डोळे चमकवत, "आणि रविवारी... तो दोन रिंगांचा किस्सा... मी सांगणार."

"सांग की," डोरीन म्हणाली. सांगेल तो. सगळे थांबून, त्याच्या अडखळत्या शब्दांची वाट बघत ऐकतील, आणि पोट धरून हसतील. आणि सगळ्यांत मोठ्यांदा हसावं लागेल मला... सप्टेंबरात हसले होते, तसंच.